निरोप्या

सगळं थिएटर हसून थांबलं, तरी चंद्रशेखर हसतच राहिला. पडद्यावर नायक तिरडीवर पडला होता. लग्नाच्या बोलण्यांना भिऊन त्याने स्वतःच्या मरणाचं सोंग आणलं होतं, मित्रांनी त्याच्या नाकात कापूस कोंबला होता, आणि नायिका त्या रडारडीत हळदीची पिवळी साडी नेसून येऊन उभी राहिली होती. प्रेताकडे ती बघतही नव्हती. शेजारी खोटे हुंदके देणाऱ्या मित्राला तिने सांगितलं, ‘इसको बोल दो, चाय ठंडी हो रही है.’ प्रेताच्या नाकातला कापूस हलला. एवढंच. लोक खदखदले, पुढच्या रांगांतून शिट्ट्या आल्या, मग सिनेमा पुढे गेला आणि लोकही त्याच्यामागे गेले. चंद्रशेखर मात्र त्या वाक्यापाशीच अडकून पडला. हसू पोटातून उसळत होतं, उचकीसारखं, आवरायला गेलं की जास्तच. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि घशातून जो आवाज निघाला तो त्याला स्वतःलाच ओळखता आला नाही. समोरच्या खुर्चीतला एक म्हातारा वळून बघू लागला. संघमित्रा आधी त्याच्याबरोबर थोडी हसली होती. आता तिने मान वळवली. पडद्याचा उजेड तिच्या चष्म्याच्या काचांवर हलत होता, त्यामुळे तिचे डोळे दिसत नव्हते. ‘शेखर, का झालं?’ तिने हळू आवाजात विचारलं. ‘काही नाही,’ तो म्हणाला, आणि रुमाल तोंडात धरून बसला. मध्यंतराचे दिवे लागले तेव्हा सगळ्यांत आधी तो उठला. ‘समोसे घेऊन येतो,’ असं म्हणून तो रांगेतल्या गुडघ्यांवरून वाट काढत बाहेर पडला.

समोशांच्या खिडकीपुढे गर्दी होती. त्या गर्दीच्या शेवटाशी तो क्षणभर उभाही राहिला. मग जिन्यावरून पाय खाली उतरले, हाताने खिशातली किल्ली काढली, आणि स्कूटी सुरू झाल्याचा आवाज कानांवर आला तेव्हा तो रस्त्यावर होता. आपण पळतो आहोत असं त्याच्या मनात आलंच नाही. धानाची पोती भरलेला एक ट्रक चौकात वळत होता, त्याच्यामागे ऑटो खोळंबले होते, डिसेंबरचं ऊन अंगाला बरं वाटत होतं, आणि त्याला एवढंच वाटत होतं की ते वाक्य जिथे ऐकू येतं तिथून दूर जावं. पळण्याची त्याची रीत नेहमी अशीच होती. ठरवून त्याने कधी काही केलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी संघमित्राची आई तुमसरहून त्याला पाहायला येणार होती, त्या सकाळी त्याची दाढ ठणकायला लागली. दाताच्या डॉक्टरने आरशात दाखवलं, दाढ चांगली आहे, काढायचं काही कारण नाही. पण चंद्रशेखरने इतका आग्रह धरला की डॉक्टरने वैतागून ती काढून टाकली. संघमित्राची आई आली तेव्हा तो सुजलेला गाल धरून पलंगावर पडला होता, तोंडात बोळा होता, आणि त्या बाईने जे जे विचारलं त्याला त्याने मानेनेच उत्तर दिलं. त्यानंतर एकदा ताप आला, खरा ताप, थर्मामीटरमध्ये चढलेला. एकदा दुकानातलं डोळे तपासायचं यंत्र बिघडलं. संघमित्रा दर वेळी म्हणायची, ‘बरं. पुढच्या बारीनं पाहू.’ परसवाड्याला ती शाळेत शिकवायची, तिथेच खोली करून राहायची, आणि रविवारी बसने बालाघाटला यायची. बस उशिरा आली तरी चिडायची नाही. आता मात्र नाताळच्या सुट्टीत ती चार दिवस मैत्रिणीकडे, अंजूकडे, येऊन राहिली होती, आणि उद्या तिचा भाऊ राजेंद्र तारीख ठरवायला येणार होता. तिने हे सांगताना या वेळी ‘पुढच्या बारीनं’ असं काही म्हटलं नव्हतं. नुसतं म्हणाली होती, ‘भाऊ येऊन राह्यला. आजच्या दिवस पिक्चर पाहू.’

त्याचं चष्म्याचं दुकान मेन रोडला होतं. दिवसभर तो लोकांच्या नाकावर ती तपासणीची जड गोल फ्रेम ठेवायचा, भिंगं बदलायचा आणि विचारायचा, ‘पहले वाला साफ है या ये वाला?’ माणसं या प्रश्नाला घाबरतात हे त्याला फार लवकर कळलं होतं. चुकीचं उत्तर दिलं तर जन्मभर चुकीचं दिसेल असं त्यांना वाटतं. ती म्हणतात, फिर से दिखाओ. एक बार और. संघमित्रा पहिल्यांदा आली तेव्हा तिने दोन्ही भिंगांतून बघितलं आणि सांगून टाकलं, ‘दोन्ही सारखंच हाय. कोणतंबी लावा.’ त्या दिवशी तो दुकान बंद करेपर्यंत तिच्याच विचारात होता. एखाद्या माणसाला इतक्या सहज कसं पुढे जाता येतं याचं त्याला नवल वाटलं होतं, आणि आपण तिच्याजवळ बसलो तर ते थोडं आपल्यालाही लागेल अशी आशाही. चार वर्षं तो तिच्याजवळ बसत आला होता. ती बोलायची, तो ऐकायचा. ती काही विचारायची आणि तो असं काही म्हणायचा की ऐकणाऱ्याला बरं वाटावं. त्यात खोटं काही नसायचं. पण ते वाक्य त्याचं आहे असंही त्याला कधी वाटायचं नाही.

वाक्यं गोड करण्याचं काम तो फार लहानपणी शिकला होता. वार्डातलं त्यांचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत बाबा, मागच्या खोलीत माय, आणि मधल्या दारात चंदू. बाबूलाल भरवेलीच्या मँगनीज खाणीतून कामावरून यायचा, अंग धुवायचा, खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायचा. जिजाबाई चुलीशी. ही दोघं एकमेकांशी बोलत नसत. भांडण झालं म्हणून चार दिवस नव्हे. चंद्रशेखरला आठवतं तेव्हापासून, कायमचं. पगार घरात यायचा, भात शिजायचा, आजारपणात काढा मिळायचा, नवे कपडे यायचे, बुद्धपौर्णिमेला तिघं एकत्र विहारात जायची, आणि हे सगळं एकमेकांशी एक शब्द न बोलता. बोलायचं ते चंदूमार्फत. माय म्हणायची, ‘सांग त्याले, गिळाचं असंल त गिळ म्हणा.’ चंदू दारातून पुढे जायचा आणि सांगायचा, ‘बाबा, माय म्हणते, जेवून घ्या, गरम हाय.’ बाबा म्हणायचा, ‘तिले सांग, मिठाचं पोतं रिकामं केलं का आमटीत?’ चंदू मागे यायचा. ‘बाबा म्हणते, आमटी चांगली हाय, थोडकं मीठ जास्त झालं.’ शाळेतून येताना तो वाटेत वाक्यं जुळवून ठेवायचा. कधी कधी कोणी काही म्हटलेलं नसतानाही तो निरोप न्यायचा: माय म्हणते, पाय दुखतात का? बाबा म्हणते, तू जेवली का? अशा वेळी पलीकडून उत्तर यायचं नाही, पण काहीतरी थोडा वेळ मऊ व्हायचं आणि त्याला झोप लागायची. पुढे तो मोठा झाला, नागपूरला शिकून आला, दुकान घातलं, आणि संध्याकाळी घरी आला की पुन्हा त्या दारात उभा राहायचा. लग्न म्हटलं की त्याला नवरा आणि बायको दिसतच नसत. दोन खोल्या दिसत, आणि मधल्या दारात एक पोर, तोंडात दुसऱ्याचं वाक्य धरून.

बाबा गेला त्याला आता तीन वर्षं होत होती. सकाळी खाटेवरून उठलाच नाही. अंगणात त्याला निजवलं, भंतेजी आले, त्रिशरण झालं, वार्डातली माणसं गोळा झाली. उचलायच्या वेळी माय पुढे आली. उशाशी उभी राहिली, पदर सावरला, आणि त्या मेलेल्या माणसाकडे न बघता चंद्रशेखरकडे बघून म्हणाली, ‘चंदू, सांग त्याले. चष्मा राह्यला म्हणा.’ तिच्या हातात बाबाचा चष्मा होता, चंद्रशेखरनेच करून दिलेला. सगळे थांबले. कोणाला वाटलं, दुःखाने बाईचं डोकं ठिकाणावर नाही. पण चंद्रशेखरला ठाऊक होतं की तिचं डोकं पूर्ण ठिकाणावर आहे. ती रोजच्यासारखा निरोप देते आहे. आणि तो खाली वाकला. बापाच्या थंड कानाशी तोंड नेलं आणि सवयीने गोड करून म्हणाला, ‘बाबा, माय म्हणते, आरामात जा.’ बायका रडायला लागल्या. त्याच वेळी त्याच्या पोटात हसू उठलं होतं, भयंकर, अंग थरथरवणारं. त्याने जबडा आवळून धरला आणि लोकांना वाटलं, पोरगा रडणं आवरतो आहे. ते हसू कुठे गेलं हे त्याला कधी कळलं नाही. आज कळलं. ते तिथेच होतं, एका नटीने एका खोट्या प्रेताला चहाचा निरोप पाठवेपर्यंत.

स्कूटी आपल्याच दाराशी थांबली हे त्याला पायरी दिसल्यावर समजलं. माय अंगणात उन्हाला पाठ देऊन वाटाणे सोलत बसली होती. तिने वर बघितलं नाही.

‘इतक्या लवकर सुटलं पिक्चर?’

‘सुटलं नाही. मीच उठून आलो.’

‘अन् ते पोरगी?’

‘तथीच हाय.’

मायचे हात थांबले. ‘एकटी?’

तो तिच्यासमोर खाली बसला आणि एक शेंग उचलली. मग ज्या वाक्याला तो कितीतरी वर्षं वळसा घालत आला होता ते एखादं भिंग निसटावं तसं त्याच्या हातून निसटलं. ‘माय, तुम्ही दोघं बोलत काहून नव्हते?’

जिजाबाईने त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्याने अगदी साधी गोष्ट विचारली होती आणि विचारायला फार उशीर केला होता. ‘तुह्या महागू मामाचं लगन होतं,’ ती म्हणाली. ‘रामपायलीले. तू पोटात होता. तुह्या बापाचं अन् माह्या भावाचं जेवणावरून कायतरी बिनसलं, अन् हा भर मांडवातून उठून चालला गेला. मले सांगतलं नाही. मी बसूनच होती. ज्यानं त्यानं इचारावं, जवाई कुठं हाय, अन् मी म्हणो, येऊन राह्यले. येतेतच. पंगती उठल्या, मांडवातली लोकं गेली, तरी मी म्हणूनच राह्यली होती. दुसऱ्या दिवशी बसनं एकटीच आली. हा खाटेवर बसून होता. मी म्हटलं, आता हा पह्यले बोलंल. त्याले वाटलं, मी बोलीन.’

‘मंग?’

‘मंग काय. आधी राग होता. मंग आदत झाली. मंग तू बोलाले लागला.’ तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याने याआधी तिथे पाहिलं नव्हतं. लाज आणि मजा यांच्या मधलं काहीतरी. ‘तू इतकं बरं सांगे.’

‘मी बदलवून सांगो, माय.’

‘मालूम हाय ना. दोन खोल्यांचं घर. मी चुलीपाशी बोलो ते त्याले सगळं ऐकू जाये. त्याचं मले ऐकू ये. मंग तू मधात उभा राहून काय सांगतेस, ते आम्ही दोघंबी कान देऊन ऐको. कधी कधी मी मुद्दाम वंगाळ बोलो, पाहू म्हटलं, आता याचं पोरगं का करते. तो हासे. तिकडं तोंड करून हासे. मले त्याची पाठ हालताना दिसे.’

चंद्रशेखरच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती पाठ त्याला चांगली आठवत होती, खाकी बनियनमधली, भिंतीकडे वळलेली, अधूनमधून हलणारी. तो तिला राग समजत आला होता. थोडा मोठा झाल्यावर खोकला समजला. त्या पाठीला शांत करण्यासाठी त्याने किती वाक्यं रचली होती, रात्री अंथरुणात पडून किती शब्द घासून गुळगुळीत केले होते, आणि ते दोघं ऐकत होते, दोन्ही बाजूंनी, वाट बघत होते. आधी त्याला संताप आला, इतका की उठून त्या वाटाण्यांच्या सुपाला लाथ मारावी. त्याचं अख्खं बालपण त्या दारात उभं राहण्यात गेलं होतं. पण संताप पुरता वर येण्याआधीच त्याला मांडवात बसलेली ती पोटुशी बाई दिसली, विचारणाऱ्या प्रत्येकाला हसून उत्तर देणारी, आणि तिच्या जागी, थिएटरच्या खुर्चीत, चष्मा घातलेली संघमित्रा बसली होती.

‘तो बोलला असता, त तू बोलली असती?’ त्याने उठता उठता विचारलं.

‘हौ मंग,’ जिजाबाई म्हणाली. ‘त्याच राती. भूक लागलती मले.’ आणि मग, पुन्हा शेंगेत अंगठा घालत, ‘तू जाय आता. ते पोरगी बसली असंल.’

परतताना रस्ता मोठा झाल्यासारखा वाटला. रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी संपता संपेना, आणि त्या डब्यांकडे बघत त्याने नेहमीप्रमाणे वाक्यं जुळवायला घेतली. पोट बिघडलं होतं. दुकानावरून फोन आला. मायला बरं नव्हतं. तिन्ही चांगली होती, ऐकणाऱ्याला बरं वाटेल अशी, आणि शेवटचं तर तो अशा आवाजात म्हणू शकला असता की तीच काळजीने त्याच्याबरोबर घरी आली असती. त्याला स्वतःच्या या हुन्नराची कधी भीती वाटली नव्हती, आता वाटली. जे चाललं होतं ते त्याला एकदम स्पष्ट दिसलं. तो संघमित्रापाशी स्वतःचा निरोप नेत होता. आत कुठेतरी एक माणूस भिंतीकडे तोंड करून बसला होता, आणि हा दारातला पोरगा त्याच्या वतीने गोड बोलत चार वर्षं ये-जा करत होता. तिला तो माणूस भेटलाच नव्हता. किंवा भिंतीआडून ऐकू तर सगळं जात असेल. दोन खोल्यांचंच घर ते. फाटक उघडलं, मागच्याने हॉर्न दिला.

थिएटरात अंधार होता. रखवालदाराने त्याचं अर्धं तिकीट बघितलं आणि त्याला आत सोडलं. त्यांच्या रांगेत ती होती. शेजारच्या खुर्चीवर तिने आपली शाल पसरून ठेवली होती. त्याला बघून तिने ती उचलली, आणि तो बसला. पडद्यावर नायक कफन गुंडाळून एका बसच्या मागे धावत होता आणि रस्त्यातली माणसं भूत भूत म्हणून पळत होती. संघमित्रा समोरच बघत राहिली. त्यानेही बघितलं. बस थांबली की नाही ते दाखवलंच नाही. कफनाचं टोक बसच्या दारात अडकलं, तो धडपडला, आणि नावं यायला लागली. लोक कुरकुरत उठले.

बाहेर उन्हात आल्यावर तिने चष्मा नीट केला आणि शांतपणे म्हणाली, ‘मी बाल्कनीच्या खिडकीतून पाह्यलं तुले. स्कूटी काढून गेला तेव्हा.’

‘फोन काहून नाही केला?’

‘पळणाऱ्याले का फोन कराचा?’ ती म्हणाली. ‘एक बाई आली लेकराले घेऊन. खाली है क्या ये सीट, म्हणे. मी म्हटलं, नहीं, भरी है. खोटं बोलली मी. अन् मंग मनाशी म्हटलं, पिक्चर सुटेपर्यंत बसतो. नाही आला, त भाऊले सांगून देतो, नको येऊ. आता पुढची बारी नाही.’ तिचा आवाज ‘सांगून देतो’ वर जरा फाटला, आणि तिने तो लगेच सारखा केला. तिलाही आवाज सारखा करावा लागतो हे त्याला आज दिसलं.

जुळवलेली वाक्यं तोंडाशी होती. ती त्याने गिळली, तर त्यांच्यामागे काहीच नव्हतं. माणसं त्यांना ओलांडून जात होती. शेवटी तो म्हणाला, ‘मी पळालतो. दाढ चांगली होती, तरी काढली. मले भेव लागते, संघमित्रा. तुह्याशी नाही. आपण दोघं एका घरात राहू अन् बोलणार नाही, याचं. मले नीट बोलता येत नाही. गोड बोलता येते फक्त.’

‘दाढेचं मले मालूम हाय,’ ती म्हणाली. ‘त्या डॉक्टरची बायको आमच्या शाळेत हाय.’

‘मंग बोलली काहून नाही?’

‘तू कधी सांगतेस ते पाहत होती.’ तिने त्याच्याकडे सरळ बघितलं. ‘माह्याशी वंगाळ बोलला तरी चालते. पण तूच बोलजो.’

तेवढ्यात तिचा फोन वाजला. राजेंद्रचा होता. तिने नाव बघितलं, आणि फोन त्याच्या हातात दिला. ‘मी नाही सांगत,’ ती म्हणाली. ‘येऊ का नको येऊ, तूच सांग.’

त्याने फोन कानाला लावला. पलीकडे राजेंद्र विचारत होता, गोंदियाला गाडी बदलावी लागते, तर सकाळचीच पकडू का. ‘भाऊ, मी शेखर बोलतो,’ तो म्हणाला. ‘या तुम्ही. मी वाट पाहून राह्यलो. पण एक सांगतो, मले लगनाचं लय भेव हाय. मी मधातच उठून जाणारा माणूस हाव. आजबी गेलतो. मंग वापस आलो.’

पलीकडे भांड्यांचा आवाज आला, कोणीतरी नळ बंद केला. चंद्रशेखरला वाटलं, संपलं. मग राजेंद्र सावकाश म्हणाला, ‘मी वरातीच्या दिवशी संडासात जाऊन बसलो होतो भाऊ, तासभर. बायकोले, मयुरीले, आजबी सांगतलं नाही.’ आणि खालच्या आवाजात, ‘तुम्हीबी नका सांगू. सकाळच्या गाडीनं येतो आम्ही.’

त्याने फोन तिला परत दिला. भीती गेली नव्हती. ती होती तिथेच होती, बरगड्यांच्या खाली, ओळखीची. पण तिचा आवाज आता बाहेर आला होता, आणि तुमसरच्या एका घरात कोणीतरी तो ऐकून उद्याचे कपडे पिशवीत भरत होतं. संघमित्रा स्कूटीच्या मागच्या सीटवर बसली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पडू नये म्हणून ठेवतात तसा, घट्ट.

‘भाऊ का म्हणला?’ तिने विचारलं.

‘येतो म्हणला.’

‘अजून?’

‘अजून एक म्हणला,’ चंद्रशेखरने किल्ली फिरवली, ‘ते त्याचं तोच सांगंल.’